शंभर कंपन्या की आपलं घर? एकाच धुराचे दोन हिशेब

हवामान बदलाला जबाबदार कोण, या वादात दोन विधानं हमखास समोरासमोर येतात. पहिलं: ‘जगातल्या फक्त शंभर कंपन्या ७१ टक्के प्रदूषण करतात, मग मी एसी बंद ठेवून काय साधणार?’ दुसरं: ‘कंपन्या हौसेनं कोळसा जाळत नाहीत, आपल्याला वीज आणि पेट्रोल लागतं म्हणून तो जळतो, तेव्हा आधी स्वतःच्या घरात बघा.’ दोघांकडे आकडे असतात आणि दोघांचे आकडे बऱ्याच अंशी खरे असतात. तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण कंपन्यांचा धूर वेगळा आणि लोकांचा धूर वेगळा असं दोघंही धरून चालतात. प्रत्यक्षात धूर एकच आहे. एकानं तो खाणीच्या तोंडाशी मोजला, दुसऱ्यानं घरातल्या बटणापाशी.

७१ टक्क्यांचा आकडा आला २०१७ साली ‘कार्बन मेजर्स’ नावाच्या अहवालातून. तो नेमकं काय सांगतो, हे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. १९८८ पासून जगात झालेल्या औद्योगिक हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी ७१ टक्के उत्सर्जनाचा माग कोळसा, तेल आणि वायू जमिनीतून काढणाऱ्या शंभर उत्पादकांपर्यंत लागतो, असं तो म्हणतो. शेती आणि जंगलतोड त्यात धरलेली नाही. ‘कंपन्या’ म्हटलं की डोळ्यांसमोर खासगी भांडवलदार येतात, पण यादीच्या वरच्या भागात चीनचा कोळसा उद्योग आहे, सौदी अरेबियाची आराम्को आहे, रशियाची गाझप्रॉम आहे आणि आपली कोल इंडियाही आहे. म्हणजे त्यातला मोठा वाटा सरकारांच्या मालकीचा आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या कंपन्यांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनापैकी सुमारे ९० टक्के त्यांच्या विहिरींवर किंवा खाणींत होत नाही. त्यांनी विकलेलं इंधन दुसऱ्या कुणीतरी जाळलं तेव्हा ते होतं. वीज केंद्रानं, पोलाद कारखान्यानं, ट्रकनं, तुमच्या-माझ्या दुचाकीनं. म्हणून ‘७१ टक्के कंपन्यांचं, उरलेलं २९ टक्के आपलं’ हे गणितच चुकीचं आहे. दूध संघानं विकलेलं दूध आणि घरोघरी प्यायलेलं दूध यांची बेरीज करून गावाचं दूध मोजण्यासारखं ते होईल.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. चंद्रपूरच्या आसपास वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. ही कोल इंडियाची उपकंपनी. तिथला कोळसा महानिर्मितीच्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रात जातो. या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी हे एक. तिथून वीज उच्चदाब वाहिन्यांवरून निघते आणि महावितरणच्या तारांमधून एखाद्या घरातल्या फ्रीजपर्यंत पोचते. चिमणीतून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड तोच, पण खाणीच्या हिशेबात तो कोल इंडियाच्या नावावर लागतो, वीज केंद्राच्या हिशेबात महानिर्मितीच्या, राष्ट्रीय हिशेबात भारताच्या आणि कार्बन पदचिन्हाच्या, म्हणजे आपल्या वापरापायी किती धूर झाला याच्या हिशेबात त्या घराच्या. चारही नोंदी बरोबर आहेत. त्यांची बेरीज मात्र करता येत नाही, आणि एक नोंद दाखवून दुसरी खोडताही येत नाही.

मग दोन हिशेब हवेतच कशाला? कारण दोघांना दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

घराचा हिशेब आधी पाहू, कारण त्याच्यावर अविश्वास जास्त आहे आणि त्या अविश्वासाला कारणही आहे. माणशी ‘कार्बन फूटप्रिंट’ (म्हणजेच पदचिन्ह) ही कल्पना सामान्य लोकांच्या तोंडी रुळवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता. २००४ च्या सुमारास तिनं आपलं पदचिन्ह मोजण्याचं गणकयंत्र लोकांसमोर ठेवलं आणि त्याची मोठी जाहिरात मोहीम चालवली. तेल विकणाऱ्यानं तेल वापरणाऱ्याला ‘तुझा वाटा किती’ असं विचारणं मला अजूनही अप्रामाणिक वाटतं. पण विचारणाऱ्याचा हेतू खोटा म्हणून मोजणी खोटी ठरत नाही.

साधा हिशेब करून बघा. भारतात ग्रीडमधल्या एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महिन्याला २०० युनिटं वापरणाऱ्या घराच्या नावावर वर्षाला साधारण १.७ टन लागतात. मुंबईहून लंडनला जाऊन परत यायच्या एका विमानप्रवासात एका प्रवाशाच्या वाट्याला ढोबळमानानं एक टन येतो. भारताचं दरडोई वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे आणि अमेरिकेचं त्याच्या सहा-सात पट. हे अंतर खाणीच्या हिशेबात कधीच दिसणार नाही. ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेच्या २०२० च्या अहवालात १९९० ते २०१५ या काळाचा उपभोगाचा, म्हणजे कुणाच्या वापरापायी किती धूर झाला याचा हिशेब आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांकडे एकूण उत्सर्जनापैकी ५२ टक्के वाटा, आणि सर्वांत गरीब निम्म्या लोकसंख्येकडे ७ टक्के. ‘सगळा दोष कंपन्यांचा’ म्हटलं की वर्षातून चार वेळा परदेशी उडणारा माणूस आणि चंद्रपूरच्या खाणीलगतच्या गावातला शेतमजूर एका ओळीत निर्दोष ठरतात. हे मला मान्य नाही.

पण याच हिशेबाची एक मोठी खोट आहे. न निवडलेल्या गोष्टीही तो माणसाच्या नावावर टाकतो. तेच घर, तीच २०० युनिटं, तोच फ्रीज. उद्या ती सगळी वीज कोयनेच्या पाण्यावर किंवा उन्हावर तयार झाली, तर घराचा आकडा १.७ टनांवरून जवळजवळ नाहीसा होईल आणि घरातल्या कुणाचीही एकही सवय बदललेली नसेल. म्हणजे त्या आकड्यातला फार मोठा भाग घरातल्या माणसांच्या वागण्याचा नाहीच. वीज कशापासून करायची, हे दुसरीकडे कुणीतरी ठरवलं आहे. तो निर्णय जिथे होतो ती जागा खाणीचा हिशेब दाखवतो. कोट्यवधी घरांमध्ये विखुरलेला धूर तो शंभर नावांपर्यंत आणून ठेवतो, आणि शंभर नावांना प्रश्न विचारता येतात, कायदा लावता येतो.

तसा प्रयत्न झालाही. २०२१ च्या मे महिन्यात नेदरलँड्समध्ये हेगच्या न्यायालयानं शेल कंपनीला २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्के घटवायला सांगितलं आणि ग्राहकांनी जाळलेल्या इंधनाचा धूरही त्या आदेशाच्या कक्षेत घेतला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयानं हा टक्केवारीचा आदेश रद्द केला. शेलवर हवामानाबाबत काळजी घेण्याचं कर्तव्य आहे, हे त्यानं मान्य केलं. पण शेलनं इंधन विकणं थांबवलं तर दुसरी कंपनी तेच इंधन विकेल, मग धूर घटेलच असं नाही, हा मुद्दा त्याला पटला. दोन हिशेबांमधला पेच इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. पुरवठा एका ठिकाणी बंद केला आणि मागणी तशीच राहिली, तर ती दुसरी वाट शोधते. नुसती मागणी घटवायला सांगितलं आणि पुरवठा कोळशाचाच राहिला, तर लोक काटकसर करून थकतात.

दोन्ही टोकं एकदम हलली की काय होतं, हे आपण एलईडी दिव्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. २०१५ साली उजाला योजना सुरू झाली. लोकांना नुसता उपदेश करण्याऐवजी सरकारी कंपनीनं दिव्यांची प्रचंड घाऊक खरेदी केली. २०१४ मध्ये ३१० रुपयांच्या आसपास असलेला खरेदीचा भाव २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला आणि पुढे या योजनेत ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. दिवा बदलला प्रत्येक घरानं स्वतःच्या हातानं, पण तो परवडेल अशी व्यवस्था घराबाहेर झाली. आपल्या राज्यातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याहून पुढे जाते. कृषिपंपांच्या फीडरला, म्हणजे त्यांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला लागणारी वीज सौर प्रकल्पांतून द्यायची, अशी तिची रचना आहे. शेतकऱ्याचा पंप तोच राहतो, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत रात्री पाणी धरण्याऐवजी दिवसा वीज मिळते, आणि दोन्ही हिशेबांतला कोळसा घटतो.

म्हणूनच केंद्र सरकारच्या ‘मिशन लाइफ’सारख्या, लोकांना सवयी बदलायला सांगणाऱ्या मोहिमांबद्दल मला अर्धवट समाधान वाटतं. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत पंतप्रधानांनी ही कल्पना मांडली आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केवडियाला मोहीम सुरू झाली. नको तिथला दिवा बंद करा, जवळच्या अंतराला सायकल वापरा, हे सांगणं योग्यच आहे. पण सांगणारं सरकार कोल इंडियाचं बहुसंख्य मालकही आहे. घरानं किती युनिटं वाचवली याचा हिशेब मागताना खाणीतून किती कोळसा काढायचं ठरलं, तोही त्याच कागदावर मांडायला हवा.

आपल्याकडे तो मागायची जागा आहे, तिच्याकडे लक्ष मात्र कमी जातं. वीजदराचा प्रस्ताव महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे येतो तेव्हा आयोग हरकती आणि सूचना मागवतो, जनसुनावणी घेतो, आणि कोणताही ग्राहक तिथे लेखी म्हणणं देऊ शकतो. चर्चा बहुतेक वेळा युनिटमागे किती पैसे वाढले यावरच होते, आणि ते साहजिक आहे. पण त्याच प्रस्तावात येत्या वर्षांत वीज कुठून घेणार, कोळशाची किती आणि सौर किती, हेही लिहिलेलं असतं. वर्षभर पंखे बंद करून घराच्या आकड्यात जेवढा फरक पडेल, त्याहून कितीतरी मोठा फरक त्या पानांवर ठरतो.