नागपुरात ‘भोसले’ म्हटलं की कोणते?

लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने मिळवलेली नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईत आली. पातं युरोपी बनावटीचं, एकधारी. त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याची अक्षरं: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिबसुभा फिरंग’ (फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवार). बातमी फिरली तशी ‘म्हणजे शिवरायांच्याच घरचे ना?’ ही विचारणाही सुरू झाली. नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या माणसाला याचा थोडा राग येतो.

छत्रपतींचे भोसले वेरूळकर, नागपूरचे हिंगणीकर. मूळ एकच असल्याचं सांगतात. नातं नेमकं कसं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शाहू महाराज १७०७मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले, तेव्हा हा तोतया तर नव्हे, अशी शंका घेतली गेली. हिंगणीकरांपैकी परसोजी भोसले त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले आणि शंका मिटवली, अशी हकिकत आहे. आडनावाचा इतका रोकडा उपयोग क्वचितच कुणी केला असेल. पुढे परसोजींना सेनासाहेबसुभा हा किताब मिळाला, तो घराण्यातच राहिला.

नागपूरची गादी मात्र पहिल्या रघूजींची. गोंड राजघराण्यातल्या वारसाच्या भांडणात ते शिरले आणि इथेच ठाण मांडून बसले. १७५१च्या तहात बंगालच्या नवाबाकडून वर्षाला बारा लाख चौथ त्यांनी कबूल करून घेतली. (बंगालात ‘बर्गी’, म्हणजे लूट करणारे मराठी स्वार, म्हणून उरलेली आठवण काही गोड नाही.) त्यात रघूजी तीन, मुधोजी दोन, इतिहासाच्या पेपरात गोंधळ ठरलेलाच. दुसरे रघूजी १८०३मध्ये इंग्रजांकडून हरले. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं.

मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले (१९८२-८३), आझाद हिंद सेनेचे जनरल जगन्नाथराव भोसले ही याच आडनावाची माणसं, पण नागपूरच्या गादीशी त्यांचा संबंध नाही. आशाबाईंना तर ते लग्नाने मिळालं.

नागपूरकरांच्या बोलण्यात या घराण्यातलं सगळ्यांत जास्त येणारं नाव मात्र दुसऱ्या रघूजींच्या राणी बाकाबाईंचं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीने निघणारी काळी मारबत (मोठा पुतळा) त्यांचीच म्हणतात, कारण त्या इंग्रजांना सामील झाल्या हा जुना राग. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, हा भाग वेगळा.