मधले पद काढा, शिरोबिंदू सापडेल

य = २क्ष² − १२क्ष + १३ चा आलेख काढायचा म्हटले की हात सवयीने तक्ता मांडतो : क्ष = −२, −१, ०, १, २. य च्या किमती येतात ४५, २७, १३, ३, −३. बिंदू जोडावेत तर नुसती खाली घसरणारी रेघ दिसते. वक्र वळतो कुठे, ते कळतच नाही, कारण तो वळतो क्ष = ३ ला आणि ३ तक्त्यात नाहीच. आकडेमोड बरोबर असूनही आलेख हाती लागत नाही.

अडचण आहे मधल्या पदाची. २क्ष² आणि −१२क्ष ही दोन पदे य ला विरुद्ध दिशांना ओढत असतात, त्यामुळे तळ कुठे आहे हे समीकरणाकडे बघून सांगता येत नाही. मधले पद नाहीसे केले की तो उघडा पडतो. आपल्याकडे या कृतीला फार नेमके नाव होते : मध्यमाहरण. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात वर्गसमीकरणे याच नावाखाली सोडवली आहेत. शाळेत हीच कृती ‘पूर्ण वर्ग पद्धत’ म्हणून भेटते. पण तिथे ती समीकरणाची मुळे (उत्तरे) काढण्यापुरती वापरून सोडून दिली जाते, हे खटकते. तिचा खरा फायदा आलेखात आहे.

पहिल्या दोन पदांतून २ बाहेर काढा : २(क्ष² − ६क्ष) + १३. आता ६ चे निम्मे ३, त्याचा वर्ग ९. कंसात ९ मिळवला की (क्ष − ३)² तयार होतो. पण कंसाबाहेर २ आहे, म्हणजे प्रत्यक्षात आपण १८ मिळवले; वजाही १८ च करायचे.

य = २(क्ष − ३)² − ५

घाईत ९ च वजा केले तर शेवटी −५ ऐवजी +४ येतो. ही चूक पकडायला क्ष = ० ठेवून बघा. मूळ समीकरणात १३ येतात, वरच्या रूपातही १८ − ५ = १३. चुकलेल्या रूपात मात्र २२ येतील.

आता वर्ग कधीच ऋण नसतो. त्यामुळे कंस शून्य झाला की य सर्वांत लहान होतो : क्ष = ३, य = −५. हाच शिरोबिंदू, (३, −५). कंसात (क्ष + ४) असता तर तो क्ष = −४ ला आला असता. ‘चिन्ह उलटे घ्यायचे’ असे पाठ करू नका, परीक्षेच्या गडबडीत ते विसरायला होते. कंस शून्य कधी होतो, एवढेच स्वतःला विचारा.

आलेख कागदावर क्ष-अक्षावर १ सेमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेमी = २ एकक घ्या, म्हणजे १३ पर्यंत आरामात मावेल. (३, −५) ठळक करा आणि त्यातून पेन्सिलीने उभी तुटक रेघ काढा. ती सममितीचा अक्ष. आता तक्ता नकोच. शिरोबिंदूपासून एक एकक बाजूला, २ वर. पुढचे एक एकक, आणखी ६ वर. त्यापुढे आणखी १०. हे १, ३, ५ चे दुप्पट आहेत, कारण १, ४, ९ या वर्गांमधली अंतरे विषम संख्याच असतात आणि आपला बाहेरचा गुणक २ आहे. डावीउजवीकडे मिळून (२, −३) व (४, −३), (१, ३) व (५, ३), (०, १३) व (६, १३) असे सहा बिंदू मिळतात. तुटक रेघेवर कागद दुमडला तर जोड्या एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

बिंदू पट्टीने जोडू नका. तळाशी टोक येता कामा नये. वक्र तिथे गोलसर वळतो आणि शिरोबिंदूपाशी क्षणभर आडवा असतो. बाहेरचा गुणक ऋण असेल तर सगळे उलटे, शिरोबिंदू माथ्यावर.

सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू घ्या. हवेचा विरोध सोडला आणि गुरुत्व त्वरण १० धरले, तर फेकल्यापासून ‘व’ इतक्या सेकंदांनी उंची २०व − ५व² मीटर, म्हणजेच −५(व − २)² + २०. दोन सेकंदांनी माथा, २० मीटरवर. तिथून खाली येताना पहिल्या सेकंदात ५ मीटर, दुसऱ्यात १५. पडणाऱ्या वस्तूच्या अंतरांत गॅलिलिओला सतराव्या शतकात दिसलेले १, ३, ५ ते हेच.