आयनिक द्रव आणि डीप युटेक्टिक द्रावक: दिसायला सारखे, आतून वेगळे

पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली वर्णन केलेला इथाइलअमोनियम नायट्रेट हा क्षार सुमारे १२ अंश सेल्सिअसला वितळतो. लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू ॲबट यांच्या गटाने २००३ मध्ये कोलीन क्लोराइड हा क्षार आणि युरिया यांचे एकास दोन मिश्रण मांडले, तेही १२ अंशांच्या सुमारासच वितळते. दोन्ही खोलीच्या तापमानाला द्रव, दोन्हींची वाफ जवळपास होत नाही, दोन्हींची हरित रसायनशास्त्रात चर्चा. पहिला आयनिक द्रव आहे, दुसरे डीप युटेक्टिक द्रावक; तरी या सारखेपणामुळे दुसऱ्यालाही सर्रास ‘आयनिक द्रव’ म्हटले जाते. ते चूक आहे, आणि त्यामुळे एकाचे गुणदोष दुसऱ्याच्या खात्यावर पडतात.

आयनिक द्रव म्हणजे १०० अंशांखाली वितळणारा क्षार. त्यात धन आणि ऋण आयनांखेरीज, म्हणजे विद्युतभारित कणांखेरीज, काही नसते. खायचे मीठही आयनांचेच, पण त्याचे लहान आयन स्फटिकात इतके घट्ट बसतात की ते वितळायला ८०१ अंश लागतात. इमिडाझोलियमसारखा मोठा, बेढब धन आयन घेतला की ती मांडणी नीट जमत नाही आणि क्षार कमी तापमानालाच वितळतो.

डीप युटेक्टिक द्रावक म्हणजे आपल्या घटकांपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळणारे मिश्रण; त्यात मात्र नवा क्षार बनवावाच लागत नाही. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळते, युरिया १३३ ला. दोन्ही ८० अंशांच्या आसपास ढवळत राहिले की युरियाचे रेणू हायड्रोजन बंधांनी क्लोराइडला धरून ठेवतात आणि पुन्हा स्फटिक होणे दोघांनाही अवघड जाते. आयन असलेच पाहिजेत असेही नाही. मेन्थॉल आणि थायमॉल या दोन्हींवर विद्युतभार नाही, तरी एकत्र आले की ते पातळ होतात. आपल्याकडची अमृतधारा याच कुळातली: कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल बाटलीत एकत्र ठेवा, पाण्याचा थेंबही न घालता द्रव तयार. ओव्याचे फूल म्हणजेच थायमॉल, पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल.

आता हरितपणाचे. टोल्युइन, डायक्लोरोमिथेन या नेहमीच्या द्रावकांच्या वाफा कामगाराच्या श्वासात जातात. वाफ न होणारे द्रावक हे टाळते, हे मोलाचेच आहे. पण वाफ होत नाही म्हणजे विषारी नाही, असे मुळीच नव्हे. इमिडाझोलियमची कार्बनी शेपटी लांबली की पाण्यातल्या जिवांना त्याचा जाच सहसा वाढतो. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा ऋण आयन असलेले द्रव पाण्याशी विघटन पावून हायड्रोजन फ्लुओराइड हा विषारी वायू सोडू शकतात. शिवाय हे क्षार बनवतानाच रसायने आणि द्रावके खर्ची पडतात. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात असते, युरिया खतात, आणि मिसळताना टाकाऊ काही उरत नाही. इथे दुसरा गट सरस. अर्थात युरियाऐवजी इथिलीन ग्लायकॉल घेतले तर त्याचे विष सोबत आलेच.

तरी कारखान्यात आयनिक द्रवांनी खरे काम करून दाखवले आहे. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने २००२ मध्ये बेसिल प्रक्रिया सुरू केली. अभिक्रियेत निघणारे आम्ल पूर्वी ट्रायइथाइलअमीनने शोषले की घन क्षाराचा चिखल होई आणि सगळे अडे. मिथाइलइमिडाझोल वापरल्यावर तयार होणारा क्षार ७५ अंशांना वितळतो, वेगळ्या थरात तळाशी बसतो आणि सरळ काढून घेता येतो. शेवरॉन या अमेरिकी तेल कंपनीने २०२१ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात उत्प्रेरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या जागी आयनिक द्रव आणला. त्या आम्लाची गळती किती घातक असते हे पाहता मला हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डीप युटेक्टिक द्रावके प्रामुख्याने धातुकामात पुढे आली, उदाहरणार्थ तीव्र आम्लांशिवाय स्टेनलेस स्टीलला विद्युत झिलई देण्यासाठी.

दोघांचीही अडचण पुनर्वापरात आहे. द्रावक उडून जात नाही, म्हणून तयार पदार्थ वेगळा काढायला अनेकदा पाणी ओतावे लागते. फार पाणी झाले की कोलीन-युरियातले बंधांचे जाळे सुटते आणि उरते ते दोन पदार्थांचे साधे जलीय द्रावण. मग ते पाणी उकळून घालवायचे, त्यात ऊर्जा जाते, आणि फार तापवले तर युरियातून अमोनिया सुटू लागतो.