जखमेतून सुटणारा पेरॉक्साइडचा सांगावा

हायड्रोजन पेरॉक्साइड म्हटलं की जखमेवर फेसाळणारं औषध आठवतं. पण ते आपल्या पेशीही बनवतात, आणि फक्त जंतू मारायला नव्हे.

२००९ साली हार्वर्डमध्ये फिलिप नीथामर, टिमोथी मिचिसन आणि सहकाऱ्यांनी झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लाच्या शेपटीचं टोक किंचित छाटलं. पेरॉक्साइडशी गाठ पडताच ज्याची चमक बदलते असं एक प्रथिन पिल्लाच्या पेशींत आधीच तयार करवून घेतलं होतं. काही मिनिटांतच छाटलेल्या कडेला पेरॉक्साइड वाढू लागलं, वीसेक मिनिटांत शिगेला पोहोचलं. कडेला दाट आणि आत शंभर-दोनशे मायक्रोमीटरपर्यंत विरळ होत गेलेलं. पांढऱ्या पेशी जखमेकडे आल्या त्या हे सुरू झाल्यानंतर. म्हणजे पेरॉक्साइड त्यांनी आणलेलं नव्हतं, ते कातडीच्या पेशींतलं ड्युऑक्स नावाचं विकर बनवत होतं. ड्युऑक्स बंद पाडलं, तसा पांढऱ्या पेशींचा ओघही आटला.

दिशा कळली, तरी पेशीला प्रत्यक्ष सरकावं लागतं. ते काम ॲक्टिनचं. या प्रथिनाचे कण एकापुढे एक जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू होतात. पुढच्या कडेला तंतू वाढले की पेशीचं आवरण पुढे ढकललं जातं. जुने तंतू सुटतात आणि मोकळे झालेले कण पुन्हा वापरात येतात. त्यामुळे तंतू कुठे आणि कधी मोडायचे, यावरही चाल ठरते.

इथे मायकल या विकराची करामत मला थक्क करते. ॲक्टिनमध्ये पावणेचारशे अमिनो आम्लं. त्यांपैकी ४४ आणि ४७ क्रमांकाच्या दोन मिथिओनिनांवर मायकल ऑक्सिजनचा एकेक अणू चढवतं, म्हणजेच त्यांचं ऑक्सिडीकरण करतं. ४४ क्रमांकाची जागा नेमकी तिथे आहे, जिथे एक कण शेजारच्या कणाला धरून असतो. पकड सुटते, तंतू विस्कटतो. फळमाशीच्या वाढत्या चेतातंतूला ‘इकडे येऊ नकोस’ असा इशारा मिळतो, तेव्हा मायकल हेच करतं. सरधोपट गंज चढावा तसं यात काही नाही. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. आणि २०१३ मध्ये उलटी वाटही सापडली: सेलआर नावाचं दुसरं विकर तोच अणू उतरवतं, की ॲक्टिन पुन्हा जोडणीला तयार.

हे वाचल्यावर ‘ऑक्सिडीकरण म्हणजे नासाडी, अँटिऑक्सिडंट म्हणजे आरोग्य’ ही जाहिरातींतली सरळ मांडणी मला पटत नाही. २०१५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग असलेल्या उंदरांना पाण्यातून एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं. हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट. मूळ गाठींवर फरक पडला नाही, पण लसीकाग्रंथींत पसरलेल्या गाठी वाढल्या. माणसाच्या मेलानोमा पेशींवर प्रयोगशाळेत हेच दिलं, तेव्हा त्या जास्त जोमाने सरकू लागल्या, आणि ही वाढलेली हालचाल ऱ्होए या प्रथिनावर अवलंबून होती. ऱ्होए म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंना ताण देणाऱ्या यंत्रणेचा कळीचा खटका. हे निष्कर्ष उंदरांतले आणि बशीतल्या पेशींचे आहेत. तरीही कर्करोगाच्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता अशा गोळ्या सुरू करू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.