पोपची निवड: धुरापासून मथळ्यापर्यंत

पोपची निवड कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलमध्ये मतदानाने करतात. तिथे बातमीदाराला प्रवेश नसतो आणि मतांचे आकडे जाहीर होत नाहीत. ही गुप्तता १९०३ नंतर जास्त कडक झाली. त्या वर्षी ऑस्ट्रियाच्या सम्राटाने कार्डिनल पुझिना यांच्यामार्फत पोपपदाचे प्रबळ दावेदार कार्डिनल रामपोला यांच्या नावाला नकार कळवला होता. निवडून आलेल्या दहाव्या पायस यांनी १९०४ मध्ये हा नकाराधिकारच रद्द केला. आज आतली गोष्ट फोडणाऱ्याला धर्मबहिष्काराची शिक्षा आहे. त्यामुळे वृत्तपत्रांच्या हाती उरतो तो मतपत्रिका जाळल्यावर निघणारा धूर: काळा म्हणजे निर्णय नाही, पांढरा म्हणजे पोप निवडले गेले.

या धुराने मोठमोठ्यांना फसवले आहे. २६ ऑक्टोबर १९५८ ला मतपत्रिकांसोबत धूर काळा करण्यासाठी घातलेला पेंढा नीट पेटला नाही. आधी पांढरा धूर आला, मग तो काळा झाला. मधल्या मिनिटांत व्हॅटिकन रेडिओने पोप निवडले गेल्याचे सांगूनही टाकले. तेविसावे जॉन प्रत्यक्षात निवडून आले २८ तारखेला. ऑगस्ट १९७८ मध्येही करड्या धुराने गोंधळ घातला. २००५ पासून वेगळ्या शेगडीत रसायने जाळतात आणि पांढऱ्या धुराबरोबर घंटाही वाजवतात. २०१३ मध्ये काळ्या धुरासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासिन व गंधक, तर पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज व राळ वापरली होती.

जाणता बातमीदार रंगाइतकेच घड्याळही पाहतो. सकाळी दोन आणि दुपारनंतर दोन फेऱ्या होतात. निर्णय झाला नाही, तर दोन्ही फेऱ्यांच्या मतपत्रिका एकत्र जाळतात. म्हणून सत्राच्या मध्येच धूर आला, तर तो बहुधा पांढराच. ८ मे २०२५ ला रोममध्ये संध्याकाळी ६.०७ वाजता तो दिसला, दुपारच्या पहिल्याच फेरीनंतर. १३३ मतदारांत ८९ मते पुरेशी होती.

धुरानंतर नाव यायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. सज्जातून लॅटिनमध्ये आधी पाळण्यातले नाव, मग आडनाव आणि शेवटी पोप म्हणून घेतलेले नाव जाहीर होते. ‘रॉबर्टुम फ्रान्सिस्कुम’ कानावर पडताच रॉबर्ट प्रेव्होस्ट (२०२५ मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ) यांची तयार माहिती काढता यायला हवी. ती नसेल, तर पहिले पान अडते. २०१३ मध्ये काही ठिकाणी ‘पहिले फ्रान्सिस’ छापले गेले. दुसरे फ्रान्सिस होईपर्यंत क्रमांक लावायचा नाही, असा खुलासा व्हॅटिकनला करावा लागला.

आपल्याकडची अडचण वेळेची. २०१३ मध्ये धूर दिसला तेव्हा भारतात रात्रीचे ११.३६ झाले होते. नाव मध्यरात्रीनंतर आले, म्हणजे लवकर छापल्या जाणाऱ्या डाक आवृत्तीच्या हाती फार तर धूर. २०२५ मध्ये नाव पावणेअकराच्या सुमारास कळले, पण पहिले पान भारत-पाकिस्तान संघर्षाने भरलेले होते. अशा रात्री स्थानिक चौकटीत चूक होणे सोपे असते. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ ला मतदान केले होते, मात्र ८० वर्षे पूर्ण झाल्याने २०२५ ला ते मतदार नव्हते. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव मात्र होते.