उकंडा हे नकोशा पोराचं नाव नव्हे

"पोर नकोसं होतं, म्हणून उकंडा, केरबा, दगडू ठेवलं," असं मराठवाड्यात आजही छातीठोकपणे सांगतात. खरं तर उलटं आहे. ज्या घरात लेकरं वाचत नसत, तिथं नवसाच्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव देत. बाळाला क्षणभर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं "मला सापडलं" म्हणत उचलायचं, मग आईनं पसाभर ज्वारी देऊन ते विकत घ्यायचं! केवढा हा खटाटोप, आणि म्हणे नकोसं.

धोंडू, धोंडीबाचं थोडं वेगळं. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्यांनाही ते नाव मिळे. अशी नावं अडाण्यांचीच, हेही खोटं. 1958 साली भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे धोंडोच होते. लेकरं जगू लागली, तशी ही नावं पाळण्यातून गेली.