सुई लावली की छातीतल्या गाठीचा कॅन्सर होतो?

‘छातीत गाठ निघाली तर सुई लावू देऊ नका, डिवचली की कॅन्सर होऊन पसरते.’ परभणीपासून धाराशिवपर्यंत हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. इथं गाठ म्हणजे स्तनातली नव्हे, छातीच्या आतली, फुफ्फुसातली किंवा त्याच्या आसपासची. भीती समजण्यासारखी आहे. सुईनं गाठीचा नमुना काढून केलेल्या तपासणीनंतर कॅन्सर निघालेला माणूस कुणीतरी पाहिलेला असतो. पण तिथं कॅन्सर आधीपासूनच होता, सुईनं तो फक्त सापडला. साध्या गाठीचा सुईमुळं कॅन्सर होत नाही. असलेल्या कॅन्सरच्या पेशी सुईच्या वाटेनं पसरणं शक्य असतं, पण ते क्वचितच.

मुळात प्रत्येक गाठीला सुई लागतेच असं नाही. आधी पत्र्याच्या पेटीतला जुना एक्स-रे काढा, कोपरे मुडपलेले असले तरी. फुफ्फुसातली भरीव गाठ 2 वर्षांत जराही वाढली नसेल, तर बहुधा साधीच. सीटी स्कॅनमध्ये चरबी आणि मक्याच्या लाहीसारखे चुन्याचे ठिपके दिसले, तर तो हॅमार्टोमा, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नव्हे. मणक्यालगतची गाठ पुष्कळदा मज्जातंतूच्या आवरणाची असते. ती मणक्याच्या पोकळीत शिरलीय का, हे ऑपरेशनआधी एमआरआयवर बघतात.

सुई खरंच टाळतात ती हायडॅटिड सिस्टमध्ये. कुत्र्याच्या विष्ठेतून येणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळं होणारी ही पाण्याची गाठ. मेंढरं-कुत्री सांभाळणाऱ्यांना तिचा धोका जास्त. ती फुटली तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. म्हणजे इथं सुई टाळण्याचं कारण कॅन्सर नाही, हे लक्षात घ्या.

गाठ वाढत असेल, श्वासनलिका दाबत असेल किंवा निदान पक्कं होत नसेल, तर काढतात. अनेकदा फासळ्यांमधल्या छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीनं. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाते. तो रिपोर्ट मागून घ्या, त्यावर ‘बिनाइन’, म्हणजे कॅन्सर नसलेली, असं लिहिलंय का बघा.